बंगईची कुरकुर

या उद्योगातून साहिलच्या पदरात पडणार होतं ते सासऱ्यांच्या तोंडचं एक वाक्य: "जवाईबापूनं जमवलं." एवढंच. लग्नाला चार वर्षं झाली, तरी प्रताप नगरातल्या त्या घरात फ्रिजपासून विम्यापर्यंतचा सल्ला मागितला जायचा तो पुण्यातल्या मेव्हण्याला, रोहितला. साहिलला विचारायचे ते भाजीत मीठ बरोबर पडलंय का. खर्चाच्या बाजूला त्याच्या मते काहीच नव्हतं. सॉफ्टवेअर फुकट, माइक मित्राचा, दुपार रविवारची.

बापूजी, म्हणजे सासरे, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिथल्या यंत्रांनी अर्धे कान खाल्ले. उरलेल्या अर्ध्यांसाठी त्यांनी कपाटाएवढे स्पीकर घेतले. पण हॉलच्या भिंती उघड्याबोडक्या, आवाज घुमायचा. तबल्याची थाप कोपऱ्यात जाऊन बसायची ती निघायचीच नाही. दिवाळीत रोहितनं त्यावर विकतचं सॉफ्टवेअर आणलं. माइक ठेवायचा, स्पीकरमधून खालच्या हुंकारापासून वरच्या शिट्टीपर्यंत चढत जाणारा सूर सोडायचा, खोली त्यात स्वतःचं काय मिसळते ते मोजायचं आणि तेवढं गाण्यातून आधीच वजा करायचं. रोहितच्या सॉफ्टवेअरनं सगळं आपलं आपणच केलं. चहा निवायच्या आत काम फत्ते. साहिलचं फुकटचंही तेच करणार होतं, फक्त हातानं. प्रत्येक मोजणी स्वतः करायची, सरासरी स्वतः काढायची, बिनसलं तर पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी रोहित व्हिडिओवर येणार, बापूजी डोळे मिटून दोन्ही ऐकणार आणि निकाल देणार होते.

मोजायला शांतता लागते. मे महिन्यात त्या गल्लीत ती मिळते भर दुपारी, कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर पडत नाही तेव्हा. खिडक्या लावल्या, पंखा थांबवला. साहिलचा हात कूलरच्या बटणाकडे गेला तशा सासूबाई, प्रेमिलाबाई, बापूजींकडे बोट दाखवत पुढं आल्या.

"कूलर नका बंद करू जी, जवाईबापू. याईले बीपीची गोळी आहे. डॉक्टरनं उन्हाचं जपा म्हटलं."

"दहा मिनिटं, आई." त्यानं कूलर बंद केला.

"मंग याईले तरी आतमंधी पाठवा."

"काहून?" बापूजी बंगईवर, त्या हॉलमधल्या लाकडी झोपाळ्यावर, मांडी घालून बसले. "गाणं बंगई ऐकते का मी ऐकतो? मी बसलो असतानाच मोजा."

साहिलनं त्यांच्या कानाजवळ, बंगईच्या कडीला माइक बांधला. "हूं की चूं करायचं नाही, बापूजी. हलायचंही नाही."

"मी तं पुतळा झालो समजा."

पुतळा कसला! बंगईवर बसलं की त्यांचा पाय आपोआप खाली यायचा आणि जमिनीला रेटा द्यायचा. साखळी कुरकुरायची, आणि साहिलच्या लॅपटॉपवरच्या रेघेत काटा उभा राहायचा. मोजणी बाद.

"बापूजी, पाय."

"मी नाही जी, बंगईच बोलून राहिली."

पुन्हा सूर, पुन्हा काटा. साहिल बंगईकडे पाठ करून स्पीकरजवळ जमिनीवर बसला होता. हनुवटीवरून घाम टपकून कळफलकावर पडत होता. आतून दार वाजलं. बायको, श्वेता. "झालं का रे? भट्टी झाली असन तिथं!"

"श्वेता, गप न! गेली ही पण मोजणी!"

मागून बापूजींचा आवाज आला, जरा जड. "जवाईबापू, जराक पाणी..."

"ही एक झाली की देतो." त्यानं मान वळवली नाही.

आणि ती मोजणी स्वच्छ आली. तुपात बोट फिरवावं तशी रेघ. पुढचीही तशीच. साहिलनं पडद्याचा फोटो काढून रोहितला पाठवला, खाली लिहिलं, "फुकटात." मग पुढचा सूर सोडला.

सूर खालून वर चढायला लागला आणि साहिलच्या पाठीवरचा घाम अचानक गार झाला.

काटा का नाही?

इतका वेळ ज्यासाठी तो चिडत होता ती कुरकुर थांबली होती. केव्हापासून? पाण्यापासून. पाणी मागितल्यानंतर बंगई एकदाही बोलली नव्हती. मागं वळणं एवढंच काम होतं, पण मान वळेना. वळलं की ते खरं होणार होतं. तो समोरच्या रेघेकडे बघत राहिला, ती अजूनही सुरेख होती, आणि सूर शिट्टीपाशी पोचला.

"बापूजी?"

शिट्टी संपली. तो वळला.

बापूजींची हनुवटी छातीला टेकलेली. दोन्ही पाय वर, मांडी तशीच घातलेली, सांगितल्यासारखी. साहिलनं कपाळाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. कपाळ तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. तो ओरडला ते काय ओरडला हे त्याला नंतर आठवलं नाही. ओली चादर, शेजाऱ्यांची गाडी, मागच्या सीटवर बापूजींचं डोकं त्याच्या मांडीवर. नाकाशी बोट धरून तो श्वास मोजत होता, आणि दोन श्वासांमधलं अंतर दर वेळी जास्त वाटत होतं.

रात्रभर दवाखान्याच्या बाकावर प्रेमिलाबाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या. त्यांच्या "आतमंधी पाठवा"ची त्याला शंभरदा आठवण झाली. सकाळी डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलं होतं, धोका टळला, पण थोडक्यात. दोघं आत गेले. बापूजींनी डोळे उघडलेले होते. प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडे न बघता जावयाला विचारलं,

"याईनं पाणी मांगलं होतं का?"

साहिलचं तोंड उघडलं. हो म्हटलं तर हे घर संपलं, नाही म्हटलं तर समोर पडलेला माणूस ऐकतोय.

"नाही मांगलं," बापूजी खाटेवरून पुटपुटले. "पुतळा झालो होतो न मी." मग साहिलकडे नजर लावून, "रेघ साफ आली का जी?"

साहिलनं मान हलवली. हो की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

संध्याकाळचा निकाल लागलाच नाही. रोहितचं सॉफ्टवेअर तसंच चालू आहे, साहिलनं आपलं काढून टाकलं. ते वाक्य काही त्याला मिळालं नाही. आता तो सासरी जेवायला बसला आणि हॉलमधली कुरकुर क्षणभर थांबली, की घास हातातच राहतो आणि मान आपोआप वळते.

विकतच्याचे पैसे रोहितनं भरले होते. फुकटच्याचं मोल बापूजींनी भरलं, अंगावर काढून. आणि "नाही मांगलं" या एका खोट्याचंही त्यांनीच.