समिधाच्या तोंडची उत्तरं

गोड्या मसाल्याचं नवं पाकीट घरात आलं की सुचेता ते लगेच बरणीत ओतायची आणि रिकामं पाकीट चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची, तेही अगदी तळाशी, भाजीच्या देठांखाली. सासूबाई, विमलाबाई, दर वेळी कुरकुरायच्या, "अगं, तारीख असते त्याच्यावर. मसाला संपेपर्यंत तरी ठेव." सुचेता हो म्हणायची आणि ठेवायची नाही. पाकिटावर तारीख होती, तशी अक्षरंही होती. गुबगुबीत, जराशी डावीकडे कललेली, बघता क्षणी उचलून घ्यावीशी वाटणारी. ती समिधा चौबळने काढली होती. आणि समिधा चौबळ कमर्शियल आर्टची चार वर्षं सुचेताच्या शेजारच्या स्टुलावर बसत होती.

भाईंदरच्या जेसल पार्कातल्या त्या वन-बीएचकेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुचेताने लग्नाआधी दोन वर्षं एका जाहिरातीच्या स्टुडिओत काम केलं होतं, एवढंच सगळ्यांना माहीत. आता अथर्व दीड वर्षाचा होता. तिचे ब्रश माळ्यावर होते आणि तिचं अक्षर सोसायटीच्या फळ्यावर होतं, कारण पाण्याच्या वेळा खडूने तिच्याइतक्या नीट दुसऱ्या कुणाला लिहिता येत नसत.

समिधाचं नाव घरात आणलं ते नणंदेने. अनुष्का डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होती. सरांनी प्रोजेक्ट दिलं होतं: तुम्हाला ज्यांच्याकडे बघून काम करावंसं वाटतं, अशा तीन ग्राफिक डिझायनरांच्या मुलाखती घ्या, त्याही मराठीत. तीनपैकी दोघांनी तारखा दिल्या होत्या. तिसरं नाव तिने जेवताना सांगितलं आणि सुचेताच्या हातातला भाताचा घास अथर्वच्या तोंडाऐवजी नाकाला लागला.

"वहिनी, तुझ्याच कॉलेजची ना गं ती? ओळखतेस?"

"ओळखते म्हणजे?" सुचेता म्हणाली. तिथेच थांबायला हवं होतं, पण मान आपोआप ताठ झाली. "शेजारी बसायची माझ्या. आतून-बाहेरून ओळखते मी तिला. नंबर आहे माझ्याकडे. मी करते फोन."

अनुष्काने उठून उष्ट्या हातानेच तिला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अथर्व झोपल्यावर सुचेताने डायरी काढली. नंबर होता. एका मैत्रिणीच्या लग्नात समिधाने स्वतःच लिहून दिला होता. सुचेताने रिसीव्हर उचलला आणि तिला पलीकडचं सगळं दिसलं. मोठं टेबल, त्यावर हात न लागलेले कोरे कागद, कुणीतरी आणून ठेवलेला चहा, आणि समिधाचा तो आवाज, "काय करतेस हल्ली?" मग काय सांगायचं? फळ्यावर पाण्याच्या वेळा लिहिते? तिने रिसीव्हर खाली ठेवला.

संध्याकाळी ती म्हणाली, "लागत नाहीये गं." दोन दिवसांनी म्हणाली, "मॅडम अहमदाबादला गेल्यात म्हणे." आपण इतकं बिनचूक खोटं बोलू शकतो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. आणि खोटं सांगून झालं की आत कुठेतरी गारही वाटायचं. बसू दे वाट बघत. सगळं आयतंच मिळतं हिला. कॉलेज, वेळ, परत आल्यावर वाढलेलं ताट. आता समिधाही हिला आयतीच हवी.

सरांनी बजावलं होतं की खऱ्या मुलाखतीआधी घरात कुणाला तरी समोर बसवून तालीम करा. अनुष्काने पहिल्यांदा आईला बसवलं.

"तुमच्या कामाची प्रेरणा काय?" तिने विचारलं.

"मेलं ते दळण राहिलं की गं!" म्हणत विमलाबाई डबा घेऊन गिरणीत गेल्या.

मग वहिनीची पाळी आली. "तू समिधा हो. तुला माहितीये ना ती कशी बोलते."

सुचेताने आधी थट्टाच केली. केस वर बांधले, दिवाणावर पाय दुमडून बसली, अथर्वला मांडीवर घेतलं. "विचारा. पण लवकर हं, मला प्रेसला जायचंय. हा माझा असिस्टंट, याच्या लाळेकडे दुर्लक्ष करा." अनुष्का हसत हसत लिहून घेत होती. पण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापासून थट्टा गळून पडली. अक्षर कागदावर यायच्या आधी डोक्यात किती दिवस असतं, काळ्याइतकीच मधली पांढरी जागाही कशी काढावी लागते, हे सांगताना सुचेताचे हात हवेत फिरायला लागले. लग्न झाल्यापासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

सातवा प्रश्न आला. "तुम्हाला कधी कुणाचा हेवा वाटला का?"

"वाटला," सुचेता समिधाच्या आवाजात म्हणाली. "कॉलेजात माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. ती पट्टीशिवाय रेघ मारायची. ती चहाला गेली की मी तिच्या रेघेला पट्टी लावून बघायचे, कुठे वाकडी सापडते का. कधीच नाही सापडली."

"आई गं! कोण होती ती?" अनुष्काची पेन्सिल थांबली.

"होती एक," सुचेता म्हणाली आणि अथर्वचं तोंड पुसायला लागली. पट्टी लावून बघणारी सुचेता होती. रेघा समिधाच्या होत्या.

सोमवारी अनुष्का भाईंदर पश्चिमेच्या सायबर कॅफेतून टाइप केलेले कागद घेऊन आली. "वहिनी, शुद्धलेखन बघशील? शनिवारी द्यायचंय." आणि ती आंघोळीला गेली.

पहिली मुलाखत झाली, दुसरी झाली. तिसरीवर ठळक नाव होतं: समिधा चौबळ. सुचेताला वाटलं, प्रश्नच असतील नुसते. नव्हते. खाली उत्तरं होती. पांढरी जागा होती, पट्टी होती, न सापडलेली वाकडी रेघही होती. तिने बोललेला शब्द न् शब्द समिधाच्या नावावर छापून आला होता.

अनुष्का केस पुसत बाहेर आली तेव्हा सुचेता कागद धरून तशीच उभी होती.

"हे काय आहे, अनू?"

"अगं, मग काय करू? ती अहमदाबादहून येतच नाहीये. तूच म्हणालीस ना, आतून-बाहेरून ओळखते. ती असंच बोलली असती, हो ना?"

"आणि तिने वाचलं तर?"

"वाचेलच." अनुष्काचा आवाज जरा पडला. "सर सगळ्या मुलाखती प्रदर्शनात लावणारेत. ज्यांच्या घेतल्यात त्यांना पाहुणे म्हणून बोलावणारेत. पण खूश होईल की गं. किती छान बोललीये ती!"

प्रदर्शनातल्या भिंतीसमोर उभी राहून समिधा हे वाचतेय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि सुचेताचे कान तापले. समिधा एका ओळीत ओळखणार. मी कधी कुणाच्या रेघेला पट्टी लावली नाही, असं ती सरांना सांगणार आणि पोरीचं वर्ष जाणार. खोट्या मुलाखतीबद्दल कॉलेज कुणाची गय करत नसे, हे सुचेताला चांगलं माहीत होतं.

"ती अहमदाबादला गेलेलीच नाही," ती म्हणाली. "मी फोनच केला नाही."

"म्हणजे? लागत नव्हता ना?"

"लावलाच नाही. आठ दिवस खोटं बोलले तुझ्याशी."

अनुष्काच्या हातातला टॉवेल खाली आला. "का पण?"

"जळफळाट झाला माझा. तिचा हेवा वाटला, तुझाही वाटला." सुचेताने एका दमात सांगून टाकलं.

अनुष्काने फोनची लांब वायर ओढत फोन आणला आणि वहिनीच्या समोर दिवाणावर आपटला. "आत्ता. माझ्यासमोर."

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"सुचेता? खानोलकर? अगं बाई, आहेस कुठे?" समिधाने माहेरच्याच आडनावाने हाक मारली; ती काहीतरी खात होती. "भाईंदर? बरं. नणंद? पाठव की. गुरुवारी अकराला. प्रश्न थोडे आण म्हणावं. बाळ रडतंय का तुझं? जा जा, बघ त्याला."

आठ दिवस डोक्यावर बसलेला फोन दीड मिनिटात संपला. काय करतेस हल्ली, हे तिने विचारलंही नाही.

गुरुवारपर्यंत अनुष्का वहिनीशी कामापुरतं बोलली. "मीठ दे", "अथर्वला धर", एवढंच. गुरुवारी दुपारी मात्र ती मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर घेऊन आली, तो सुचेताच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "सातवा प्रश्न ऐक. मग ठरवू."

कॅसेट खरखरली. समिधाचा आवाज आला, होता तसाच, जरा जाड झालेला.

"हेवा? आता वाटतो, वीस वर्षांच्या पोरांचा. कॉलेजात नाही वाटला. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं मीच भारी. शेजारी तुझी वहिनी असायची. हात फार नीटस तिचा. पण ती माझ्या कागदात जास्त बघायची आणि स्वतःच्या कागदात कमी. मला राग यायचा त्याचा. म्हणजे, बघ ना तुझं तू!"

अनुष्काने बटण दाबलं. सुचेता खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळवण उलटत होतं.

"हे मी गाळू का?" अनुष्काने हळूच विचारलं. "कुणाला कळणार नाही."

"नको."

"वहिनी, नाव आहे तुझं त्यात. भिंतीवर लागेल."

"लागू दे. ती म्हणाली तस्संच लिही. माझी उत्तरं फाड आधी."

अनुष्काने ते कागद फाडले, चार तुकडे केले. अथर्वने त्यातला एक लगेच तोंडात घातला आणि दोघी एकदमच त्याच्यावर धावल्या. तुकडा काढता काढता अनुष्का म्हणाली, "पुढच्या वेळी हेवा वाटला ना, तर सरळ तोंडावर सांग. मी भांडेन तुझ्याशी, पण फोन कर."

"आत्ताही वाटतोय."

"कुणाचा? तिचा?"

"तुझा." सुचेताने अथर्वला कडेवर घेतलं आणि ती अनुष्काच्या अगदी जवळ सरकून बसली. "दीड तास बसलीस तू तिच्यासमोर. आता नीट सांग, टेबल कसं आहे तिचं? उजेड कुठून येतो?"