धुराड्याची उंची

घरी दिराच्या आणि ऑफिसात सगळ्यांच्याच त्या वहिनी. वहिनींच्या हातून चूक होत नाही असं ऑफिसात सारे मानत, आणि त्या सगळ्यांत वहिनीही आल्या. डोंगर, मनोरे, विजेच्या तारा, धुराडी यांच्या उंचीचे आकडे संगणकात भरायचे, हे त्यांचं काम. त्या आकड्यांवरून हेलिकॉप्टरच्या पायलटसमोरच्या पडद्यावर बाहेरचं दृश्य उभं राहतं. तिथे कॅमेरा नसतो, सगळं आकड्यांवरून काढलेलं चित्र. त्यामुळे बाहेर धुकं असो की ढग, पडद्यावर कायम लख्ख ऊन. प्रत्येक आकडा दुसऱ्याने तपासावा असा नियम होता. वहिनींच्या आकड्यांवर मात्र शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ डोळे मिटून सही ठोकत.

रविवारी दीर जेवायला आला. तो रुग्णांची ने-आण करणारं हेलिकॉप्टर चालवी आणि पुढच्या महिन्यात कॅप्टन होणार होता. हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण तो आला की तेच सांगे.

"वहिनी, एक गंमत सांगू? त्या सिमेंट कारखान्याचं नवं धुराडं पडद्यावर अगदीच बुटकं दिसतं हो. नव्वद फूट! खरं तिप्पट तरी असेल."

वहिनींचा घास हातातच राहिला. कारखान्याने उंची मीटरमध्ये कळवली होती, आणि आपण ती फुटांच्या रकान्यात भरली.

"कधी पाहिलंत?"

"झाले एकोणीस दिवस. घाबरू नका, कुणाला बोललो नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पुढच्या दुरुस्तीत गुपचूप बदलून टाका."

"आणि बाकीचे पायलट?"

"त्यांना डोळे आहेत की."

"डोळ्यांनी भागलं असतं तर तो पडदा कशाला बसवला असता, भाऊजी?"

वहिनींच्या नवऱ्याचा जन्म दोघांत समेट घडवण्यात गेला होता. तो म्हणाला, "आज रविवार. उद्या सकाळी बघू की."

वहिनींनी हात न धुताच नियंत्रण कक्षाला फोन लावला. "माझा आकडा चुकलाय" हे वाक्य त्यांनी बारा वर्षांत उच्चारलं नव्हतं. आज उच्चारलं, आणि कोणतं धुराडं तेही सांगितलं.

"थांबा," तिकडचा अधिकारी म्हणाला. "नवीन पायलट आत्ता त्याच बाजूने परततेय. ढग खाली आलेत." फोन चालूच ठेवून तो रेडिओकडे वळला.

चार मिनिटं गेली. ताटातलं गार झालं. नवरा मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवत होता. दीर हळूच म्हणाला, "वहिनी, आजच तुम्हाला सापडलं म्हणा ना. मला दिसलं त्याच दिवशी कळवायला हवं होतं. कॅप्टनपद जाईल हो माझं. तुमच्यासाठीच तर गप्प बसलो मी."

ते खरं होतं, आणि वहिनींना त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. तरी क्षणभर वाटलं, म्हणावं. कोण विचारायला येतंय!

फोनमधून आवाज आला. "वर घेतलं तिने. म्हणाली, वर चढता चढता ढगातून धुराड्याचं टोक दिसलं. अगदी पायांखाली." मग तिकडे कागद सरकवल्याचं ऐकू आलं. "नोंद करतोय, वहिनी. चूक कुणाच्या लक्षात आली? आणि केव्हा?"

वहिनींनी फोन दिराच्या पुढे धरला.

त्याने भावाकडे पाहिलं. भाऊ ताटाकडे बघत होता. दिराने फोन घेतला.

"माझ्या," तो म्हणाला. "एकोणीस दिवसांपूर्वी."