दुसरा फ्रॉक

कपड्यांच्या खोलीत खुंटीवर दोन फ्रॉक होते. पिवळे, पांढऱ्या कॉलरचे, हुबेहूब सारखे. एक मी आज घालणार होते. दुसऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवलेली होती.

मला तिथेच कळलं. मी जिंकले होते.

मुलांच्या मालिकांच्या या पुरस्कार सोहळ्यात ‘सगळ्यांत लाडकी’ म्हणून नाव पुकारलं की छतावरून तिच्या डोक्यावर निळा फेस ओततात. मुलं पुरस्कारासाठी नाही, त्या फेसासाठीच मतं देतात. पण भिजलेल्या लाडकीचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून कोरडा जोड तयार ठेवावा लागतो. निकाल कुणाला सांगायचा नसतो; शिलाईवाल्यांना मात्र सांगावाच लागतो.

“आई, दोन कशाला?”

“एक चुरगळला तर?” आई म्हणाली आणि माझी वेणी इतकी घट्ट ओढली की माझ्या भुवया वर गेल्या.

*

*पडद्यावर मुलांचे संदेश सरकतायत:*

चिंगी चिंगी चिंगी!!!

आमच्या अख्ख्या वर्गाने दिलं. सरांच्या फोनवरून पण दिलं, श्श

चिंगी तू कधीच मोठी होऊ नकोस

*

मी तेवीस वर्षांची आहे. मालिकेत मी चिंगी आहे आणि आठवीत आहे. खरोखर आठवीत होते तेव्हा या मालिकेत आले आणि आठवीतच राहिले. एकदाही नापास न होता एकाच वर्गात इतकी वर्षं काढलेली माझ्याशिवाय दुसरी कुणी नसेल.

करारावर सही आईची. त्यात एक कलम आहे: ज्या वर्षी मुलं चिंगीला लाडकी निवडतील, त्या वर्षी करार आपोआप दोन वर्षांनी वाढेल. केस कापायचे नाहीत, जाड व्हायचं नाही, कुणाबरोबर हिंडताना दिसायचं नाही. आई म्हणते, “मला काय स्वप्न पडलं होतं, सारखी सारखी निवडतील म्हणून?”

करार या महिन्यात संपतोय. पुढच्या आठवड्यात माझा जमीन मोजणीचा कोर्स सुरू होतोय. मोकळ्या माळावर यंत्र लावायचं, एक डोळा मिटायचा आणि लांब बघायचं. स्टुडिओत लांब असं काही नसतंच. सगळीकडे भिंत, आणि भिंतीवर खिडकीचं चित्र.

“मोजणी? भर उन्हात?” आई म्हणाली होती. “काळी ठिक्कर पडशील.”

“पडू दे.”

“आणि चिंगी गेल्यावर तुला ओळखणार कोण?”



*

*निवेदकाच्या समोर काच असते, तिच्यावर वाक्यं सरकतात. आज त्याने पहिलंच वाचलं ते हे:*

दोस्तांनो, नियम आठवतोय ना? लाडकी आपल्या जागेवर हवी! जागेवर नसेल तर? (थांबा. मुलं ओरडतील.) पुरस्कार दुसऱ्या नंबरला!

*

मुलं ओरडली. माझ्या डोक्यात दिवा लागला.

मतांत नेहमी दुसऱ्या नंबरला असणारी मुलगी माझ्या मागच्याच रांगेत बसली होती. सोळा वर्षांची, खरीखुरी सोळा. बिचारी नखं खात होती. तिला ते हवं होतं. मला नको होतं. इतकं सोपं गणित.

जाहिराती सुरू झाल्या तशी मी उठले. आई कडेला उभी होती. मी करंगळी दाखवली. करंगळीला कोण अडवणार?

मी थेट कपड्यांच्या खोलीत शिरले आणि कडी लावली.

*

इथे मी गोष्ट संपवू शकते. कडी लागली, दुसरं नाव पुकारलं गेलं, मी माळावर गेले.

तसं झालं नाही.

*

खोलीच्या कोपऱ्यात लहान टीव्ही होता. त्यावर सभागृह दिसत होतं, पहिली रांग, माझी खुर्ची. आणि माझ्या खुर्चीत मी.

म्हणजे डमी.

दिवे लावताना माझ्या जागी जी बाई उभी करतात तिला सगळे डमी म्हणतात. माझ्याच उंचीची, माझ्यासारख्या दोन वेण्या, तसाच पण धुऊन धुऊन विटलेला फ्रॉक, बिनकाचेचा चष्मा. मी तिला ताई म्हणायला हवं इतकी मोठी, घरी एक लेक. ती मलाच कधीकधी ‘मालकीणबाई’ म्हणून चिडवते. थेट कार्यक्रमात पुढची खुर्ची रिकामी दिसता कामा नये. कुणी उठलं की बदली माणूस येऊन बसतो. माझी बदली कोण असणार?

लाडकी जागेवर हवी. खुर्ची रिकामी नको. दोन्ही नियम मला वर्षानुवर्षं पाठ होते. शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

मी कडी काढायला धावले. हात कडीवर गेला आणि निवेदक ओरडला:

“चिंगीऽऽ!”

फेस कोसळला. पिवळं काही उरलंच नाही. निळ्या ढिगाऱ्यातून दोन हात बाहेर आले, कुणीतरी ते धरून तिला वर ओढत नेलं. पोरं खुर्च्यांवर उभी राहून किंचाळत होती. काचेवर माझं भाषण सरकायला लागलं असणार, कारण डमी ते वाचायला लागली, डोळ्यांतला फेस निपटत, एका सुरात:

“माझ्या छोट्या दोस्तांनो मी तुमची कायमची चिंगी थांबते डोळे पुसते.”

सभागृह हसून लोळलं.

*

*पडद्यावर:*

डोळे पुसते 😂😂 चिंगी तू ग्रेट आहेस

हीच खरी चिंगी

*

दार वाजलं. मी कडी काढली. आधी फेस आत आला, मग डमी, मागून आई.

“अगं बये, कुठे उलथली होतीस?” डमी म्हणाली. “माझ्या नाकातोंडात साबण गेलाय! नाव पुकारलं, दोघांनी बखोटीला धरलं, मी सांगतेय ‘अहो मी नाही, अहो मी नाही’, तर म्हणतात चिंगी लाजतेय. शेवटी म्हटलं, चला, मीच चिंगी.”

“छान वाचलंस,” आई म्हणाली.

“आई, मी जागेवर नव्हते,” मी म्हणाले. “नियमाप्रमाणे पुरस्कार त्या मुलीचा आहे. मी आत्ता जाऊन सांगते.”

“सांग.” आईने टॉवेल डमीच्या हातात दिला. “काय सांगशील?”

“की खुर्चीत मी नव्हते.”

“मग कोण होतं?”

माझी नजर डमीकडे गेली.

“अख्ख्या देशाच्या पोरांना फसवलं म्हणून कुणाला बाहेर काढतील? तुला? तुझ्याशिवाय मालिका चालायची नाही. मला? मी तर आईच.” आईने डमीकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती.

“असं कसं काढतील,” मी म्हणाले. “तिची काय चूक?”

डमी कान पुसत होती. एक कान पुसून झाला, दुसरा पुसला, मग पुन्हा पहिला. मला वाटत होतं तिने म्हणावं, ‘जा सांग, माझं मी बघते.’ मी तेवढ्याचीच वाट बघत होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा टॉवेलमध्ये तोंड घातलं.

बाहेरून कुणीतरी दारावर थाप मारली. “चिंगी! फोटोवाले थांबलेत!”

“आली, आली,” आई म्हणाली. ‘आली’, ‘येतेय’, ‘झालंच’. माझ्या वतीने ही उत्तरं तीच देते.

तिने दुसऱ्या फ्रॉकची पिशवी फाडली. डमीने वाकून जमिनीवरचा थोडा फेस बोटावर घेतला आणि माझ्या कानामागे, केसांत, हनुवटीला लावला. हळुवार, जसा लेकीला लावत असेल तसा.

“आता खरी वाटतेस, मालकीणबाई,” ती पुटपुटली.

माझ्या अंगातला फ्रॉक चुरगळला होता. मी तो काढला.

“हात वर,” आई म्हणाली.

मी हात वर केले. कुणी फ्रॉक धरला की माझे हात आपोआप वर जातात. पिवळं कापड डोक्यावरून खाली आलं आणि कॉलरपाशी मान अडकली, नेहमीसारखी. आत नव्या कापडाचा वास होता आणि काहीच दिसत नव्हतं. बाहेर पोरं अजून माझ्या नावाने ओरडत होती.

“श्वास आत ओढ,” आई पाठीमागची बटणं लावत म्हणाली. “अजून. अजून थोडा. सोडू नकोस हं आता.”