औषध घेत नाही, लावते

माझ्या नाकाच्या शेंड्यावरच्या पुटकुळीला वर्गाने 'शिखर' ही पदवी बहाल केली, तेव्हा स्नेहसंमेलन परवावर आलं होतं. आणि सूत्रसंचालन कोण करणार? अस्मादिक! बाईंनी पहिल्यांदाच माईक माझ्या हाती दिलेला. माझ्याआधी माझं नाक स्टेजवर पोचून कसं चालेल?

तडक मावशीचं पार्लर गाठलं. तिथे पुटकुळ्या घालवणारा लाल प्रकाशाचा नवा कोरा दिवा आला होता.

"मावशे, बसव मला त्याच्याखाली. पटकन!"

"घोड्यावर बसून आलीस का गं? आधी ऐक. एका बैठकीत काही होत नसतं, आठवडे लागतात. दिव्यापासून अंतर ठेवायचं. डोळ्यांवर हा चष्मा. आणि खरं सांग, काही औषध घेतेस?"

"छे!"

खोटं नव्हतं ते. मी औषध घेत नव्हते, लावत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम, रोज, नाकावर. मराठीत पहिली येणारी मुलगी क्रियापदात कशी चुकेल?

काळा चष्मा चढवून मी बेडकीसारखी बसले. मावशीची पाठ वळताच खुर्ची पुढे सरकवली. जवळून जास्त गुण येईल ना!

गुण आला. नाक चुरचुरायला लागलं. मावशी धावत आली.

"अगं बया! टोमॅटो झालाय! काय लावतेस नाकाला?"

"मलम."

"मग औषध नाही म्हणालीस ते?"

"तू 'घेतेस का' विचारलंस!"

"आगाऊ कुठली! व्याकरण घाल चुलीत!" म्हणत तिने गार पाण्याची घडी नाकावर दाबली आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अशा मलमाने कातडी नाजूक होते. मलम बंद, दिवाही बंद, आणि बरं नाही वाटलं तर दाखवायला या.

चुरचुर थांबली, पण रंग काही उतरला नाही. संमेलनात मी माईक हातात घेतला आणि मागून आवाज आला, "सिग्नल लागला रे!"

सगळा हॉल हसत सुटला. पण माईक कुणाच्या हातात होता?

"बरोबर ओळखलंत," मी म्हणाले. "लाल दिवा दिसला की थांबायचं असतं. तेव्हा मागच्या रांगेतल्या वाहनांनी, माझं नाक हिरवं होईपर्यंत जागचं हलायचं नाही!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! प्रेक्षकांत बसलेल्या मावशीने तर शिट्टीच मारली.

आता पार्लरमधल्या त्या दिव्याशेजारी एक पाटी आहे: 'औषध घेता, लावता, चोळता की थेंब घालता? आधी सांगा.'

क्रियापदं अर्थात माझी.