जातो म्हणू नये

अकरा संगणक वाचले. निर्लेखन समितीच्या अध्यक्षांनी ‘भंगारात काढणे योग्य होणार नाही’ असा शेरा मारला, खाली तारखेसह सही केली आणि सत्यशीला मासाळनं पदराला हात पुसले. पण हे काही झालंच नाही असं आपण धरून चालू. कॉलेजनं पुढं तसंच धरलं, मग आपण कशाला वेगळं वागा?

तर सकाळचे अकरा वाजलेत, संगणकांचं मरण अजून टळलेलं नाही, आणि विजयसिंह सर प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून मान पुसताहेत.

“बाई, समिती आली. मशीनवरची कव्हरं काढू नका.”

“मग चालू कशी करायची सर?”

“चालू करायचीच कशाला? जाऊ द्या भंगारात. खोली मोकळी झाली तर संस्थेच्या खुर्च्या तरी ठेवता येतील.”

“आन पोरी कशावर शिकत्याल?”

“खुर्च्यांवर,” सर म्हणाले, आणि आपण विनोद केला हे त्यांना केबिनपाशी पोचल्यावर कळलं.

सत्यशीलेचं पद प्रयोगशाळा परिचर. नेमणूकपत्रात कामं तीन: झाडणे, पुसणे, कुलूप लावणे. संगणकाची सी भाषा शिकावी असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. शिकू नये असंही नव्हतं. केज तालुक्यातल्या त्या कॉलेजात विजयसिंह सर सोळा वर्षं एकाच वहीतून सी शिकवत आले, आणि सोळा वर्षं ती मागच्या भिंतीशी फडकं घेऊन उभी. पोरं तीन वर्षांत पास होऊन निघून जात. त्याच वर्गात सोळा वर्षं बसलेली, म्हणजे उभी राहिलेली, विद्यार्थिनी ती एकटी. इतक्या वेळा ऐकून भिंतीलासुद्धा सीमधला अवघडातला अवघड पॉइंटर समजला असता. सरांना मात्र अजून वही लागायची.

संगणक म्हातारे. नव्या सिस्टीमचं ओझं त्यांना पेलेना, म्हणून कुणा माजी विद्यार्थ्यानं त्यांच्यात एक हलकी सिस्टीम घालून दिली. ती चालू केली की काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. आज्ञा लिहायची, काम होतं. चुकीची लिहिली की इंग्रजीत उत्तर.

पहिल्या वर्षाची अंजू लिंबागणेशहून आलेली, मामाकडं राहायची. त्यांच्या घरात शेळ्या बावीस, संगणक शून्य. तिनं आज्ञा चुकवली आणि दचकून हात मागं घेतला.

“मावशी, ह्ये कावून खेकसतंय माज्यावर?”

“खेकसत न्हाई गं. त्याला कळंना झालंय.”

“मग कळंना म्हनायला काय हुतंय त्याला?”

उत्तर देण्याऐवजी सत्यशीलेनं शेल लिहायला घेतला.

शेल म्हणजे मधला माणूस. आपण बोलतो ते ऐकून घेणारा, आत जाऊन काम करवून आणणारा. मधला माणूस उर्मट असेल तर मालकाशी भांडण्यात अर्थ नसतो, माणूस बदलायचा. आठ महिने, जेवणाच्या सुट्टीत, मशीन क्रमांक सातवर. एका हातात भाकरी, एका हातात सी. पहिल्या महिन्यात लक्षात आलं की इंग्रजी अक्षर मेमरीत एका खुर्चीवर मावतं आणि मराठी अक्षराला तीन खुर्च्या लागतात. लग्नातले मानकरी पाहिलेले असल्यानं तिला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. तिनं खुर्च्या वाढवल्या.

पुढचं तिला फार आवडलं. दर आज्ञेला शेल एक लेकरू जन्माला घालतो, हुबेहूब आपल्यासारखं. ते लेकरू आज्ञेचं रूप घेतं, काम करतं आणि संपतं. शेल तोवर वाट बघत थांबतो. सगळं जमलं. फक्त ‘चल’ जमेना. ‘चल’ म्हटलं की शेलनं एका फोल्डरातून दुसऱ्यात जायचं. तो जायचा नाही. चूकही दाखवायचा नाही. जागचा हलायचा नाही, इतकंच. दोन महिने गेले.

शेवटी तिनं सासूला सांगितलं. छबुबाई शेळीला पाला घालत होत्या. संगणक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हंजी, तू दर बारीला लेकरू धाडतीस?”

“हां.”

“आन त्ये तितंच संपतंय?”

“हां आत्या.”

“लेकराला कपिलधारला धाडलंस आन हितं बसून इचारतीस, मला देव कावून दिसंना? आगं, तू ऊठ की!”

सत्यशीला तिथल्या तिथं उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं ‘चल’पुरतं लेकरू जन्माला घालणं बंद केलं, शेल स्वतः उठून चालू लागला. मोठमोठ्या पुस्तकांत हेच लिहिलेलं आहे, पण त्यात शेळी नाही.

तर त्या सकाळी समितीचे दोन सदस्य प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोह्यांची पाहणी करत राहिले. अध्यक्ष एकटेच प्रयोगशाळेत आले. तोवर सत्यशीलेनं अकराही कव्हरं काढून घडी घातली होती. विजयसिंह सर तिच्याकडे बघायचं टाळत होते.

“चालतात का?” अध्यक्षांनी विचारलं.

“बसून बघा सायेब,” सत्यशीला म्हणाली आणि सात नंबरची खुर्ची पुसली.

पडद्यावर लिहिलं होतं: *बोला.*

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. खाली चिकटवलेल्या कागदावरून बघून त्यांनी ‘काय हाय’ असं लिहिलं. सगळ्या फायलींची यादी आली. मुद्दाम काहीतरी अगडबगड लिहिलं. *न्हाई कळलं. परत सांगा.* अध्यक्ष हसले. नोकरीत त्यांच्यापाशी इतक्या सरळपणे कुणी हे कबूल केलं नव्हतं.

“एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीत सोडता येतं का? पाइप म्हणतात त्याला.”

“त्यो नळ अजून बसिवला न्हाई. पुडच्या येळी या, बसवून ठिवते.”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अध्यक्षांनी बाहेर पडण्यासाठी इंग्रजीतली नेहमीची आज्ञा लिहिली. *न्हाई कळलं. परत सांगा.* ‘बंद’ लिहिलं. तेच. ‘जातो’ लिहिलं.

*असं म्हणू नये.*

त्यांनी पुन्हा ‘जातो’ लिहिलं.

*चहा झाला का?*

सरांचा रुमाल पुरा भिजला. खुर्चीवरून उठून चालू पडणं अध्यक्षांना शक्य होतं, पण तीस वर्षांत एकही फाईल उघडी टाकून ते उठले नव्हते. त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. शेल शांतपणे पाहुण्याला थांबवून घेत होता. तिसऱ्या हॉर्नला ते हरले, हात जोडून सत्यशीलेकडं वळले आणि म्हणाले, “बरं बाई, उशीर होतोय. येतो मी.”

“आता ह्येच लिवा सायेब.”

“काय?”

“येतो.”

त्यांनी लिहिलं. पडद्यावर एकच अक्षर उमटलं, *या*, आणि शेल मिटला.

अध्यक्षांनी खाली चिकटवलेला कागद पुन्हा एकदा वाचला. मग विचारलं, “कुणी केलं हे?”

“विभागानं,” विजयसिंह सर म्हणाले.

अध्यक्षांनी विभागाकडं पाहिलं. विभागाच्या हातात फडकं होतं. शेरा त्यांनी तिथंच, सात नंबरच्या टेबलावर लिहिला.

वार्षिक अहवालात यातलं काहीच आलं नाही. ‘संगणक सुस्थितीत’ एवढंच आलं, आणि खुर्च्या व्हरांड्यात राहिल्या. अंजू आता पडद्याला उलट उत्तरं देते. नळ बसवायला सत्यशीलेला तीन महिने लागले. ‘नळ बसविला असून पाहणीस यावे’ असा अर्ज तिनं रीतसर पाठवला. तो फिरत फिरत पाणीपुरवठ्याकडं गेला आणि आपल्या खोलीत नळजोडणीच नसल्याचं उत्तर आलं. तेव्हा तिनं दुसरा पाठवला. त्याची स्थळप्रत प्रयोगशाळेच्या कपाटात आहे:

‘प्रति, मा. अध्यक्ष, निर्लेखन समिती. विषय: येण्याबाबत. महोदय, आपण पाहणीच्या दिवशी मशीन क्रमांक सातवर “येतो” असे स्वहस्ते लिहून दिलेले असून त्यास “या” असे तात्काळ कळविण्यात आलेले आहे. नळ पूर्ण झाला आहे; त्याचा पाण्याशी संबंध नाही. तरी आपण नेमके केव्हा येणार, हे तारीख व वेळेसह लेखी कळवावे, ही नम्र विनंती.’