काच, एबोनाइट आणि अर्धा मिलिमीटर हवा

मित्रांनो, मी एक जुना कॅपॅसिटर आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. समोरासमोर दोन चौकोनी पत्रे आणि मध्ये वीज वाहू न देणारे थर, एवढाच माझा संसार.

माझे पत्रे कैरोतल्या एका कार्यशाळेत कापले गेले. तिथून मी दमनहूरच्या मुलींच्या शाळेत आलो. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बदावींनी मला भुशाच्या खोक्यातून अलगद काढले. मुली त्यांना 'अम्म' म्हणत, म्हणजे काका. माझ्या पत्र्यांमध्ये तीन मिलिमीटरची काच आणि तिच्याखाली दीड मिलिमीटरचे काळे एबोनाइट, म्हणजे कडक केलेले रबर, ठेवत. माझी धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची कुवत, मुली आधी गणिताने काढत आणि मग मापकावर पाहत. उत्तरे जुळली की टाळ्या पडत. त्या टाळ्या गणिताला असत, पण मी त्या स्वतःच्या समजत असे.

मग एका वर्षी उत्तरे जुळेनाशी झाली. गणित म्हणे ३५४ पिकोफॅरड, मापक दाखवी २३६. वर्षामागून वर्ष तेच. कोणीतरी माझ्या कडेवर पेन्सिलीने 'खोटारडा' असे लिहिले. मला राग आला नाही. मलाही तसेच वाटू लागले होते.

शेवटी भौतिकशास्त्राच्या शिक्षिका इनायतबाईंनी मोडीत काढायच्या यादीत माझे नाव घातले. गुरुवारी गाडी येणार होती. शेवटच्या वर्गातली नजला मात्र अडून बसली.

"अबला, मी एकदा मोजू?" तिकडे शाळेतल्या बाईंना 'अबला' म्हणतात, म्हणजे ताई.

"अगं, त्याला मोजून मोजून माझे केस पिकले."

"मेंदी आहे की. आणखी चार पिकले तर कोणाला कळणार?"

वर्ग हसला. बाईंनी हसू दाबले. "गुरुवारच्या आत. नाहीतर हा गाडीत जाईल, आणि तू त्याच्या शेजारी."

नजलाने फळ्यावर आकडे मांडले. थर एकावर एक असले की प्रत्येकाची जाडी त्याच्या पराविद्युतांकाने, म्हणजे तो पदार्थ धारकता किती पट करतो त्या अंकाने, भागायची आणि बेरीज करायची. काचेचा अंक सहा, म्हणून तीन भागिले सहा, अर्धा. एबोनाइटचा तीन, तिथेही अर्धा. बेरीज एक, आणि त्यावरून पुन्हा तेच ३५४. ती माझ्याजवळ आली आणि तिने टेबलावर गाल टेकला.

"अम्म बदावी, काचेच्या वर फट आहे. पलीकडची खिडकी दिसतेय."

"दिसणारच," बदावी चहा ढवळत म्हणाले. "चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कपटे लावलेत मी. पत्र्याने काच घासायला नको. सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"त्यात काय सांगायचं? पोरी तुम्ही, धसमुसळ्या. कोणीतरी जपायला नको?"

नजलाने एक कपटा मोजला. बरोबर अर्धा मिलिमीटर. म्हणजे माझ्या पोटात तिसरा थर होता, हवेचा. हवेचा अंक एक, म्हणून तो अर्धा पूर्णच्या पूर्ण बेरजेत आला. एकाचे दीड झाले आणि धारकता दोन तृतीयांशावर उतरली. ३५४ ची २३६. इतकी पातळ हवा, पण जाड काचेइतकीच भारी पडली होती.

बदावींचा चहा तसाच राहिला. "म्हणजे याला मोडीत मीच घालत होतो."

"काचेवर एक ओरखडा नाही, अम्म," नजला म्हणाली. "तेही तुम्हीच केलंत."

इनायतबाईंनी गणित दोनदा तपासले. मग यादी काढली आणि माझ्या नावावर जाड रेघ मारली. बदावी कपटे खरवडायला ब्लेड घेऊन आले, तर बाईंनी त्यांना थांबवले. "राहू द्या. पुढच्या मुलींनाही शोधू द्या."

गुरुवारी गाडी आली आणि माझ्याशिवाय गेली.

आता दरवर्षी कोणीतरी माझ्यावर वैतागते आणि मग टेबलावर गाल टेकते. मित्रांनो, मी सहा वर्षे स्वतःला नादुरुस्त समजत होतो आणि मापक तर पहिल्या दिवसापासून खरे बोलत होते. तेव्हा तुमच्या शाळेतली एखादी वस्तू चुकीचे उत्तर देऊ लागली, तर तिला टाकण्याआधी जरा वाकून पाहा. ती कदाचित तुम्ही न मोजलेलेच काहीतरी सांगत असेल.