मुदस्सरच्या हिरडीखालचे चार महिने

मित्रांनो, मी एक जुना टायटॅनियमचा स्क्रू आहे. कितीही शोधलंत तरी मी तुम्हाला दिसणार नाही, कारण गेली सहा वर्षं मी तुडील गावच्या मुदस्सरच्या वरच्या जबड्यात, पुढच्या दाताच्या जागी मुक्काम ठोकून आहे. उंची म्हणाल तर तुमच्या करंगळीच्या एका पेराहून कमी.

कारखान्यात मला कातून काढलं तेव्हा मी चांगला लखलखीत होतो. मग तुमच्या हाडांत असतं त्याच खनिजाचा लेप माझ्या अंगावर चढवला गेला आणि मी खरखरीत, मळकट दिसू लागलो. फार वाईट वाटलं. शेजारच्या डबीतले चकचकीत स्क्रू माझ्याकडे बघून नाकं मुरडत.

मुदस्सर दोह्याला ट्रेलर चालवतो. रजेवर आला असताना आंबेनळी घाटाच्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली आणि पुढचा दात गेला. महाडच्या डॉक्टर श्रुतिकांनी त्या जागी मला बसवलं आणि वरून हिरडी शिवून टाकली.

"याच्यावरच्या लेपामुळे हाडाला हा आपलाच वाटतो," त्या म्हणाल्या. "हाडाच्या पेशी येऊन याला धरतात. पण तुमचं हाड पातळ आहे. चार महिने याच्यावर दात बसवायचा नाही. त्याआधी हा हलला, तर हाडाऐवजी नुसतं मऊ मांस भरेल आणि सगळं फुकट जाईल."

"डॉक्टर, माझी रजा महिन्याभराचीच हाय."

"रजा तुमची. हाडाला रजा कळत नाही."

माझ्या मळकट अंगाची किंमत मला त्या दिवशी कळली.

डॉक्टरांनी तोवर घालायला एक काढता दात दिला होता, पण तो बोलताना सटके. एकदा तर भर लग्नात चहाच्या कपात पडला. मुदस्सरने तो खिशात टाकला तो कायमचा, आणि तसाच दोह्याला गेला. दिवसभर चेष्टा करणारा माणूस गप्प झाला. घरी व्हिडिओ कॉलवर बोलताना तो तोंडावर हात धरी.

इकडे पेशी एकेक करून येत होत्या, लेपाच्या खाचांत पाय रोवत होत्या. पण त्यांची पकड अजून कच्ची होती. सहाव्या आठवड्यात मुदस्सरने तिथल्याच एका दातांच्या डॉक्टरला गाठून शुक्रवारची वेळ घेतली. "चावणार नाय त्यानी. नुसता दिसायला हवा," असं त्याने खोलीतल्या अर्शदला सांगितलं. मी धास्तावलो. दात बसला की जीभ लागणार, ओठ लागणार, मी हलणार. आणि मला ओरडता तर येत नाही.

गुरुवारी त्याने घरी फोन लावला. त्याची सात वर्षांची लेक अलीशबा फोनवर येईना.

"दात पडलाय तिचा," तिची आई आसिया म्हणाली. "सकाळधरनं तोंडावर हात धरून बसलीय. शाळेत पण गेली नाय. कोणाचं बघून शिकली, ते मी सांगायला नको."

मुदस्सरने स्वतःच्या तोंडावरचा हात काढला.

"अलीशबा, इकडं बघ गो. माझा पण पडलाय."

फोनच्या कडेला अर्धा चेहरा दिसला. "तुमचा कधी येणार?"

"तुझा येईल त्याच्यानंतर."

"दाखवा परत."

शुक्रवारी तो डॉक्टरकडे गेला नाही. पुढे दर आठवड्याला बापलेक फोनसमोर आ करून बसत. तिच्या नव्या दाताची कड आधी दिसली, आणि तिने बापाला चिडवून हैराण केलं. मी निश्चिंत पडून होतो. माझ्याभोवती हाड भरत होतं.

पुढच्या रजेत डॉक्टर श्रुतिकांनी हिरडी उघडून मला पान्याने फिरवून पाहिलं. मी तसूभरही हललो नाही. "पक्का धरलाय," त्या म्हणाल्या. मला डोळे असते तर भरून आले असते.

दात बसला. मुदस्सर तोंडभर हसला. अलीशबाचा चेहरा मात्र पडला. "आता फोनवर काय बघायचं?"

"तुझा बाजूचा हलतोय ना, तो," मुदस्सर म्हणाला.

मित्रांनो, आता सगळे दाताचं कौतुक करतात आणि माझी आठवण कुणाला येत नाही. माझी तक्रार नाही. फक्त तुमच्या घरात कुणाचं हाड जुळत असेल, तर त्याच्यामागे घाईचा लकडा लावू नका, त्याच्याजवळ बसा. हाडाने मला धरलं ते लेपामुळे, हे खरंच. पण तेवढे महिने मला कुणी हलवलं नाही, ते त्या पोरीमुळे.